दोन मिलिमीटर

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर पेनं ठेवायला एक सिलिंडर आहे. सिलिंडर म्हटल्यावर स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर डोळ्यांपुढे आणू नका. हा मोटारसायकलच्या इंजिनाचा. उंचीला वीतभरसुद्धा नाही. बाहेरून पाकळ्यापाकळ्यांचा आणि आतून आरशासारखा गुळगुळीत. घरी येणारा पाहुणा तो सहज हातात घेतो, आत डोकावतो, आतल्या भिंतीच्या भोकांतून बोट फिरवतो आणि विचारतो, "ही भोकं कसली हो?"

"खिडक्या आहेत त्या," मी सांगतो.

"चूक आहे ती," आमची सौ. आतून सांगते.

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. ती चूक नेमकी दोन मिलिमीटरांची आहे, आणि गेल्या महिन्यात आलेल्या एका फोननं ती पुन्हा जागी केली.

फोन भाच्याचा होता. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणी प्रत्येक मे महिना त्यानं आमच्या नाशिकच्या घरी काढला, आणि तोही आंबे खाण्यापेक्षा माझ्या मागे पाना-पक्कड घेऊन फिरण्यात जास्त. आता तो न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला असतो. तिथं त्यानं वीस वर्षांपूर्वीची एक माझदा आर. एक्स. ८ विकत घेतली. स्वस्त मिळाली म्हणून खूश होता. का स्वस्त मिळाली ते त्याला दोन महिन्यांनी कळलं.

"मामा, इंजिन उघडलंय," तो म्हणाला. नातेवाइकाला ऑपरेशनला आत नेलंय, हे लोक ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात.

"झालं काय?"

"कॉम्प्रेशन गेलं. सील नवीन टाकतोय. पण प्रश्न तो नाही. मेकॅनिक विचारतोय, इंजिन उघडलंच आहे, तर पोर्टिंग कुठलं करू? तुम्ही सांगा."

आता हे पोर्टिंग म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी ते आमच्या सौ.ला पोळ्या करताना समजावून दिलं आहे, तेव्हा तुम्हालाही जड जाणार नाही.

त्रिकोणी घडीची पोळी तव्यावर टम्म फुगते आणि तिच्या तिन्ही बाजूंना बाक येतो, ती आठवा. रोटरी इंजिनातला रोटर तशा आकाराचा असतो. तो मध्ये किंचित कंबर आवळलेल्या लंबगोल डब्यात फिरतो आणि त्याची तिन्ही टोकं डब्याच्या भिंतीला सतत घासत जातात. त्यामुळं भिंत आणि रोटर यांच्यामधली जागा लहानमोठी होत राहते. मोठी होताना हवा आणि पेट्रोल आत येतं, लहान होताना दाबलं जातं, ठिणगी पडते, स्फोट होतो, धूर बाहेर जातो. पिस्टनची वरखाली धावपळ नाही, व्हॉल्व्हची टकटक नाही. फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाचं हे डोकं. १९६७ साली जर्मनीत एनएसयू कंपनीची आर. ओ. ८० आणि जपानात माझदाची कॉस्मो स्पोर्ट अशा दोन गाड्या या इंजिनावर बाजारात आल्या. भाच्याच्या गाडीत असे दोन रोटर आहेत, प्रत्येकी ६५४ सीसीचे. रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो. म्हणून काटा ९,००० वर गेला तरी रोटर बिचारा ३,००० नंच फिरत असतो, आणि गाडी कुरकुर न करता गातच राहते.

व्हॉल्व्ह नाहीत, मग हवा आत येते कशी? दारातून. हे दार म्हणजे पोर्ट. या दाराला फळ्या नाहीत, कडी नाही. रोटर दारापुढं आला की दार बंद, पुढं सरकला की उघडं. त्यामुळं दार कुठं आणि केवढं कोरलं आहे, त्यावरच ते कधी उघडणार आणि कधी मिटणार हे ठरतं. ते कोरून मोठं करणं म्हणजे पोर्टिंग.

दार थोडं उशिरा मिटलं तर काय होतं? नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही. मागून रेटा जोरात असेल, तर डबा भरला तरी शेवटच्या क्षणापर्यंत आणखी दहा माणसं आत जातात. रेटा नसेल, तर तेच उघडं दार आत गेलेल्यांना पुन्हा फलाटावर आणून सोडतं. हवेचंही तसंच. इंजिन वेगात असतं तेव्हा आत येणाऱ्या हवेला रेटा असतो. दार उशिरा मिटलं तर जास्त हवा आत राहते आणि ताकद वाढते. इंजिन हळू चाललं असेल, तर आलेली हवा तशीच परत जाते. म्हणजे वरची ताकद वाढवायची तर खालची द्यावी लागते. फुकट काही नाही.

भाच्यापुढं तीन पर्याय होते. पहिला, स्ट्रीट पोर्ट: असलेल्याच दाराची चौकट थोडी तासून मोठी करायची. दुसरा, ब्रिज पोर्ट: दाराशेजारी भुवईच्या आकाराची आणखी एक फट कोरायची आणि दोहोंच्या मध्ये लोखंडाची एक बारीक पट्टी ठेवायची. त्या पट्टीच्या आधारानंच रोटरची सील पलीकडे जातात, म्हणून तिला पूल म्हणायचं. तिसरा, पेरिफेरल पोर्ट: बाजूच्या ताटल्यांतलं दार सोडून थेट डब्याच्या भिंतीलाच भोक पाडायचं. हवेला सगळ्यांत सरळ वाट हीच.

"मामा, मला ९,००० च्या वर जायचंय," भाचा म्हणाला. "ब्रिज पोर्टच करावं म्हणतो. मोकळी उभी असताना तो जो आवाज येतो ना, ढब् ढब् ढब्, ऐकलाय तुम्ही?"

मी काही बोललो नाही. माझं लक्ष टेबलावरच्या सिलिंडरकडे गेलं होतं.

गोष्ट १९९१ सालची. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. माझ्याकडे यामाहा आर. एक्स. १०० होती. ही गाडी १९८५ साली आली, १९९६ साली बंद झाली, आणि आज तिच्यासाठी लोक वेडे होतात. पण त्या वेळी ती आम्हा कारखान्यातल्या पोरांची रोजची गाडी होती. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम १०० किलोच्या वर. गाडी घ्यायला पैसे कमी पडले, तेव्हा आईनं स्वतःच्या दोन पाटल्या मोडल्या. वडील नव्हते. ती म्हणाली, "हातात घालून मी कुठं जाणार? तू गाडीवर बसून कामावर तरी जाशील."

गाडी टू-स्ट्रोक. त्या इंजिनातही धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीला पोर्ट असतात आणि पिस्टनच त्यांची उघडझाप करतो. म्हणजे फळ्या नसलेल्या दारांचंच घर. त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या मैदानावर मोटारसायकलींची शर्यत भरणार होती. मी नाव दिलं आणि भद्रकालीतल्या एका गॅरेजवाल्या वस्तादांकडे गेलो.

"पोर्टिंग करायचंय," मी म्हटलं.

"कुठं पळवायची?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"शर्यतीत."

"आणि शर्यत झाल्यावर?"

या प्रश्नाला काही अर्थ आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही. त्यांनी सांगितलं, धुराच्या पोर्टची वरची कड अर्धा मिलिमीटर उचल, कडा मऊ कर, आणि थांब. मी हो म्हटलं आणि ब्लॉक घरी घेऊन आलो. टूलरूमचा माणूस मी. कानस धरायला मला कुणी शिकवायला नको होतं. बोअरमध्ये कागद दाबून धरला, वरून पेन्सिल घासली, पोर्टांचे छाप उठवले, निळा रंग लावून खुणा केल्या. अर्धा मिलिमीटर फारच भित्रा वाटला. एक मिलिमीटर म्हणजे तडजोड. रात्री अकरा वाजता मी दोन मिलिमीटरांवर थांबलो. ज्या इंजिनात पिस्टनचा सगळा प्रवास ५० मिलिमीटरांचा, त्यात दोन म्हणजे काय, याचा हिशेब मला येत होता. पण हिशेब येणं वेगळं आणि करणं वेगळं. सायलेन्सरच्या आतली नळीही काढून टाकली. आई झोपेतून उठून आली आणि म्हणाली, "काय करतोस रे?"

"सर्व्हिसिंग," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रात्री गंगापूर रोडला गाडी काढली. सुरुवातीला वाटलं, बिघडली. हळू चालवावी तर दमेकऱ्यासारखी खोकत होती. मग एका जागी, काही सूचना न देता, तिच्या अंगात आलं! आवाज एकदम बदलला, पुढचं चाक हलकं झालं आणि दोन्ही बाजूंची झाडं मागे पळाली. ते पाच-सहा सेकंद मी अजून विसरलेलो नाही. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात शर्यत जिंकून टाकली होती.

प्रत्यक्ष शर्यतीत मी चौथा आलो. मैदानावर सरळ रस्ता एकच होता आणि वळणं सात. सरळ रस्त्यावर मी राजा. सगळे मागे. वळण आलं की वेग कमी करावा लागे, गाडीच्या अंगातलं वारं उतरे, आणि साध्या गाड्यावाले शेजारून शांतपणे पुढं जात. पुन्हा वारं भरेपर्यंत पुढलं वळण येई. फेरीमागून फेरी हेच. पोर्ट मी गंगापूर रोडसाठी कोरले होते आणि शर्यत मैदानावर होती.

पण चौथा नंबर विसरता येतो. खरी गोष्ट त्यानंतर घडली.

दिवाळीच्या आधी मी नोकरीत कायम झालो. आईनं वणीच्या सप्तशृंगीला बोलून ठेवलं होतं. एका सकाळी ती खणा-नारळाची पिशवी मांडीवर घेऊन गाडीवर बसली. दिंडोरी, वणी, नांदुरी. सपाट रस्त्यावर माझी गाडी झकास चालली. मग नांदुरीचा घाट लागला.

तो घाट ज्यांनी चढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चढ, त्यावर वळण, वळण संपतं तोच पुन्हा चढ. गाडी पहिल्या गिअरमध्ये. वेग कमी ठेवला की इंजिन गळा काढी. वेग वाढवण्यासाठी क्लच अर्धा धरून इंजिन किंचाळवावं, तर वळण समोर. दोन-तीन वळणं अशी काढली. क्लचच्या प्लेटी जळाल्याचा वास आला. पुढल्या चढावर गाडी थांबली ती थांबलीच.

"मी उतरते," आई म्हणाली. "तू हो पुढं."

ती चालू लागली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं पदर सावरलेला. मी मागून गाडी ढकलत होतो. पाटल्या नसलेला तिचा तो हात मला सारखा दिसत होता. तेवढ्यात खालून टुक टुक टुक असा संथ आवाज आला. एक दूधवाला, जुनी राजदूत, दोन्ही बाजूंना कॅन. गाडी इतकी जुनी की मूळ रंग सांगता आला नसता. आमच्याजवळ येऊन तो थांबला आणि म्हणाला, "माय, बस मागं. नेतो वर."

आई माझ्याकडे न बघताच बसली. राजदूत पुन्हा टुक टुक करत निघाली. ना ओरडली, ना धापली. वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिलो. आईच्या हातातली पिशवी एका कॅनवर टेकवलेली होती.

मी वर पोचलो तेव्हा आई पायऱ्यांपाशी बसली होती. आजच्यासारखी ट्रॉली तेव्हा नव्हती. पाचशेवर पायऱ्या चढूनच जावं लागे. ती उठली आणि सगळ्या पायऱ्या चढली. रागावली नाही. दर्शन घेऊन खाली आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या माणसाची गाडी बोलत नाही. तुझी फार बोलते रे."

सोमवारी मी ब्लॉक घेऊन वस्तादांकडे गेलो. "हे पहिल्यासारखं होईल का?" त्यांनी पोर्टमध्ये अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. "दोन?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "काढलेलं लोखंड परत बसत नाही. नवा ब्लॉक टाक." नव्या ब्लॉकला माझा अर्धा पगार गेला. पुढं आमची सौ. आली, मुलं झाली. त्या गाडीनं सगळ्यांना त्र्यंबकला नेलं, भाजी आणली, आईला दवाखान्यात पोचवलं, आणि कधी खोकली नाही. जुना ब्लॉक टेबलावर आला.

"मामा? ऐकताय ना?" भाचा विचारत होता.

"ऐकतोय," मी म्हटलं. "तू गाडी नेतोस कुठं?"

"रोज ऑफिसला. महिन्यातून एखाद्या रविवारी हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅकवर."

"म्हणजे एकोणतीस दिवस सिग्नलला आणि एक दिवस ट्रॅकवर."

तो गप्प बसला, पण हरला नाही. "पण मामा, १९९१ साली माझदानं ल माँची शर्यत जिंकली, ती पेरिफेरल पोर्टवरच ना?"

१९९१! मी नांदुरीच्या घाटात गाडी ढकलली, त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्समधल्या त्या चोवीस तासांच्या शर्यतीत माझदाची ५५ नंबरची ७८७ बी ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. चार रोटरचं इंजिन, आणि पेरिफेरल पोर्ट. भाच्याचं खरंच होतं.

"बरोबर," मी म्हटलं. "पण त्या गाडीला सकाळी दूध आणायला जायचं नव्हतं. आणि दुसरं. त्या इंजिनाच्या हवेच्या नळ्या दुर्बिणीसारख्या लांब-आखूड होत होत्या. का? इंजिन हळू असतानाही त्यात ओढ राहावी म्हणून. म्हणजे जिंकणाऱ्यांनासुद्धा वळणांची काळजी होती. मी ती केली नव्हती."

मग मी त्याला आणखी एक सांगितलं. एनएसयूनं आपल्या इंजिनात हवेचं दार डब्याच्या भिंतीलाच ठेवलं होतं. हळू चालवताना त्या गाडीचा जीव घाबरा होई. माझदानं रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते दार बाजूच्या ताटल्यांत नेलं, म्हणून ती इंजिनं सिग्नलला शांत उभी राहू लागली. आर. एक्स. ८ मध्ये, २००३ साली, त्यांनी धुराचंही दार बाजूला घेतलं आणि दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहणार नाहीत अशी व्यवस्था केली. येणारी हवा आणि जाणारा धूर यांची गाठ पडू नये, म्हणून एवढी वर्षं खपून. तू ब्रिज पोर्ट कोरलंस की पहिल्याच दिवशी ती दोघं पुन्हा दारात भेटणार. तुला आवडतो तो ढब् ढब् आवाज त्यांच्याच भांडणाचा आहे. शिवाय या इंजिनाचे पोर्ट कारखान्यानंच मोठे करून दिलेत. त्यात कानशीला फारसं उरलेलं नाही. करायचंच तर मिटायची कड थोडी पुढं ने, उघडायच्या कडेला हात लावू नकोस; आतल्या बाजूला ऑइल सीलच्या वाटेत शिरू नकोस, नाहीतर गाडी ऑइल पिईल; आणि सीलचा कोपरा भोकात पडेल इतकं रुंद करू नकोस.

"आणि मामा, नऊ हजाराच्या वर?"

"तुझी आई डिसेंबरात येतेय ना तिकडे?" मी विचारलं.

"हो. का?"

"कुठं बसवणार तिला?"

"मागं. या गाडीला मागंही दारं आहेत. छोटी, उलटी उघडणारी."

मग मी त्याला नांदुरीच्या घाटाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत त्याला ती कुणी सांगितली नव्हती. त्याला फक्त पेनं ठेवायचा सिलिंडर माहीत होता. गोष्ट संपल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं अडचणीचा प्रश्न विचारला. "मामा, खरं सांगा. पस्तावलात?"

आईचा विषय असला की माणसानं पटकन "हो" म्हणावं. मी म्हणालो नाही. मला गंगापूर रोडची ती रात्र आठवली. पाच-सहा सेकंद. "घाटात पस्तावलो," मी म्हटलं. "रस्त्यावर नाही. तू ठरव. मी सांगणार नाही."

चार दिवसांनी त्याचा निरोप आला. सोबत फोटो होता: बिडाची ताटली, तिच्यावर निळा रंग, आणि पोर्टच्या मिटायच्या कडेला एक बारीक, अगदी बारीक रेघ. खाली लिहिलं होतं: "एवढंच तासतोय. ब्रिज नाही. आईला सांगू नका, मी विचार करत होतो म्हणून."

मी फोटो मोठा करून पाहिला. रेघ चांगली होती, हात सरळ. त्यानं योग्य तेच केलं होतं. मी तसं लगेच लिहून पाठवलं.

मग सिलिंडरातली पेनं बाजूला काढली, धुराच्या पोर्टमध्ये बोट घातलं आणि वरच्या कडेवरून फिरवलं. अजून गुळगुळीत आहे. काम वाईट केलं नव्हतं मी. आणि का कोण जाणे, भाच्यानं शहाणपणा केला याचं मला क्षणभर, अगदी क्षणभर, वाईट वाटलं. हे सौ.ला सांगितलेलं नाही. दिवाळी अंक घरी येईल, तेव्हा ती वाचेलच.